वेगवेगळ्या लांबीचे ॲरे एकाच मॅट्रिक्समध्ये कसे भरावेत : नमपाय नव्याने वापरणाऱ्यांसाठी

एखाद्या पर्जन्यमापकाच्या वर्षभराच्या दैनंदिन नोंदी आपल्याकडे आल्या आहेत आणि त्या बारा महिन्यांच्या बारा ॲरेंमध्ये ठेवलेल्या आहेत, असे समजा. जानेवारीच्या ॲरेमध्ये ३१ आकडे आहेत, फेब्रुवारीच्या ॲरेमध्ये २८ आणि एप्रिलच्या ॲरेमध्ये ३०. हे बारा ॲरे एकाखाली एक मांडून १२ ओळी आणि ३१ स्तंभ असलेला एकच मॅट्रिक्स करावा, म्हणजे महिन्याची बेरीज, सर्वाधिक पावसाचा दिवस, कोरड्या दिवसांची संख्या हे सारे एकेका आज्ञेत काढता येईल, असे कोणालाही वाटेल आणि ते रास्तच आहे. अडचण एवढीच की मॅट्रिक्सच्या सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या असाव्या लागतात आणि आपले महिने तसे नाहीत.

नवोदित माणूस येथे दोन प्रकारे अडखळतो. पहिल्या प्रकारात प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. याचा त्रास होतो, पण नुकसान होत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम मुकाट्याने शेवटपर्यंत चालतो, मॅट्रिक्स देखणा दिसतो आणि उत्तर मात्र चुकलेले असते. या लेखातील बरीचशी जागा दुसऱ्या प्रकाराला दिलेली आहे.

लिपीविषयी एक सूचना आधीच देतो. खाली फंक्शनांची नावे आणि कोडच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टंकायच्या आहेत. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावे देता येतात, त्यामुळे ‘तक्ता’, ‘महिने’, ‘ओळ’ ही नावे जशीच्या तशी ठेवली तरी चालतात, परंतु फंक्शनांची नावे आणि अंक यांना ही सवलत नाही. गंमत अशी की कोडमध्ये थेट लिहिलेला देवनागरी अंक पायथन नाकारतो, पण फाइलमधून मजकूर म्हणून आलेल्या ‘१२.५’चे ‘फ्लोट’ फंक्शन बिनतक्रार संख्येत रूपांतर करते.

लागणारे साहित्य

– पायथन ३ आणि नमपाय, म्हणजे संख्यांच्या ॲरेंसाठीचे पायथनचे ग्रंथालय; कोडमध्ये ते ‘एनपी’ या छोट्या नावाने येते. नमपायची आवृत्ती कोणती आहे, हे ‘एनपी.डबल अंडरस्कोर व्हर्शन डबल अंडरस्कोर’ या गुणधर्मातून आधीच पाहून ठेवावे. दुसऱ्या पायरीत त्याचे कारण येईल.
– मूळ नोंदींची फाइल आणि त्या फाइलसोबत मिळालेले माहितीपत्रक. न घेतलेल्या नोंदीसाठी कोणता संकेत वापरला आहे, हे त्यातच लिहिलेले असते.
– प्रत्येक ॲरेची अपेक्षित लांबी, कागदावर लिहिलेली. महिन्यांच्या बाबतीत हे सोपे आहे. इतर कामांत ती मूळ नोंदवहीतून घ्यावी लागते.
– हवे असल्यास पांडाज, म्हणजे तक्त्यांच्या कामासाठीचे पायथनचे ग्रंथालय. त्यावाचून काम अडत नाही.

पायरी १ : आधी लांबी आणि आकार तपासा

मॅट्रिक्सकडे वळण्यापूर्वी प्रत्येक ॲरेची लांबी छापून पाहावी. ‘महिने’ ही बारा ॲरेंची यादी आहे असे धरले, तर त्यासाठी एवढे पुरे :

    लांबी = एनपी.ॲरे([लेन(ओळ) फॉर ओळ इन महिने])

उत्तर ३१, २८, ३१, ३०, ३१, ३०, ३१, ३१, ३०, ३१, ३०, ३१ असे यायला हवे आणि बेरीज ३६५ भरायला हवी. लीप वर्ष असेल तर फेब्रुवारी २९ आणि बेरीज ३६६. यापेक्षा वेगळे काही दिसले, तर ते येथेच सोडवावे. मॅट्रिक्समध्ये शिरल्यानंतर ते शोधणे फार कठीण जाते.

लांबीइतकाच आकारही पाहावा. एका फाइलमधून वाचलेला ॲरे (२८,) या आकाराचा असतो, तर दुसरीकडून आलेला (२८, १) या आकाराचा, म्हणजे एका उभ्या स्तंभाचा, असू शकतो. ‘लेन’ दोन्हींसाठी २८ हेच उत्तर देते, त्यामुळे फरक लक्षात येत नाही, आणि पुढे ओळीत भरताना प्रोग्रॅम अडतो. अशा ॲरेला ‘रॅव्हल’ लावून सपाट करून घ्यावे.

फाइल स्वल्पविरामाने विभागलेली असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. स्प्रेडशीटमधून जतन केलेल्या फाइलमध्ये फेब्रुवारीच्या ओळीच्या शेवटी बहुधा नुसते स्वल्पविराम उरतात, कारण तिथे तक्ता आधीच ३१ स्तंभांचा होता. अशी फाइल पायथनमध्ये साध्या पद्धतीने तोडली, तर फेब्रुवारीची लांबी २८ न येता ३१ येते आणि शेवटच्या तीन जागी रिकामा मजकूर असतो, ज्याचे संख्येत रूपांतर करताना ‘फ्लोट’ चूक दाखवते. याउलट ‘जेनफ्रॉमटेक्स्ट’ हे नमपायचे फंक्शन त्या रिकाम्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’ अशी खूण, घालून मोकळे होते. मात्र शेवटचे स्वल्पविराम नसतील आणि ओळी खरोखरच तोकड्या असतील, तर हेच फंक्शन अमुक ओळीत ३१ऐवजी २८ स्तंभ सापडले, अशी तक्रार करून थांबते.

पायरी २ : सरळ ‘एनपी.ॲरे(महिने)’ लिहून का भागत नाही

बहुतेक जण पहिल्यांदा हेच करून पाहतात. नमपायच्या १.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२पासून, यावर ‘व्हॅल्यू एरर’ मिळते आणि तिच्या मजकुरात ‘इनहोमोजीनियस शेप’ हे शब्द असतात. याद्यांची लांबी सारखी नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही चूक दिसली तर चिंता करू नये.

चिंता जुन्या आवृत्तीची करावी. १.२४पूर्वी हीच आज्ञा चालून जात असे, २०२०मधील १.१९पासून ती फक्त एक इशारा छापत असे आणि त्याआधी तोही नाही. तयार होणारी वस्तू मात्र मॅट्रिक्स नसे. ती १२ घरांची एकेरी यादी असे आणि प्रत्येक घरात एकेका महिन्याचा ॲरे वस्तू म्हणून बसवलेला असे. तिचा आकार (१२,) असा दिसतो आणि प्रकार ‘ऑब्जेक्ट’ असा. कार्यालयातील किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर जुनी आवृत्ती असेल, तर आकार छापून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशा चुका टाळण्यासाठी ‘डीटाइप=ऑब्जेक्ट’ लिहा, असा सल्लाही ठिकठिकाणी मिळतो. त्याने चूक नाहीशी होते हे खरे, पण मॅट्रिक्स मिळत नाही.

‘व्हीस्टॅक’ या फंक्शनाचीही हीच गत आहे. जोडायच्या दिशेखेरीज बाकी सर्व मापे तंतोतंत जुळली पाहिजेत, असे ते सांगते आणि थांबते.

पायरी ३ : रिकाम्या घरात काय ठेवायचे, ते ठरवा

सर्व पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती कोड लिहिण्यापूर्वीची आहे. १२ ओळी आणि ३१ स्तंभ म्हणजे ३७२ घरे, नोंदी ३६५, म्हणजे ७ घरे रिकामी राहणार. त्यांतील ३ फेब्रुवारीची आणि एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर यांचे प्रत्येकी एक. मॅट्रिक्समध्ये घर रिकामे ठेवण्याची सोय नसते. काहीतरी संख्या लिहावीच लागते. हिलाच पॅडिंग किंवा भराव म्हणतात.

सर्वांत सोपा भराव शून्याचा आणि पावसाच्या बाबतीत सर्वांत घातकही तोच. शून्य ही पावसाची खरीखुरी नोंद आहे : माणूस पर्जन्यमापकापाशी गेला, त्याने पाहिले आणि भांडे कोरडे होते. ३० फेब्रुवारीला मात्र कोणीही काही पाहिलेले नाही. दोन्ही ठिकाणी शून्य लिहिले, तर त्यांतील फरक कायमचा पुसला जातो. जूनमध्ये एकूण ६०० मिलिमीटर पाऊस झाला असे धरले, तर दिवसाची सरासरी ६०० भागिले ३०, म्हणजे २० मिलिमीटर येते. शून्याचा भराव असलेल्या ओळीची सरासरी संगणक ३१ने भागून १९.३५ सांगतो. फरक लहान असल्यामुळेच तो नजरेतून सुटतो. वर्षाच्या बेरजेत शून्याने काहीही बदलत नाही, त्यामुळे बेरीज जुळवून पाहणाऱ्यालाही सारे ठीक वाटते. आणि कोरडे दिवस मात्र सातने वाढलेले असतात. हाच मॅट्रिक्स तापमानाचा असता, तर एप्रिलचे किमान तापमान शून्य अंश निघाले असते आणि ते पुण्यात किंवा नागपुरात बसलेल्या कोणाच्याही ध्यानात लगेच आले असते. पाऊस इतका मदत करत नाही.

दुसरा प्रघात -९९९सारखी अशक्य संख्या भरण्याचा. हवामानाच्या अनेक फायलींत तो आढळतो आणि फाइलमध्ये साठवण्यापुरता तो ठीकही आहे, कारण मजकुराच्या किंवा पूर्णांकांच्या फाइलमध्ये ‘नॅन’ लिहिण्याची सोय प्रत्येक वेळी नसते. पण गणित करताना तो संकेत आहे, हे संगणकाला ठाऊक नसते. तीन घरांतील -९९९मुळे फेब्रुवारीची बेरीज उणे २९९७ने ढळते. म्हणून फाइल वाचल्याबरोबर या संकेताचे रूपांतर करून टाकावे आणि तो गणितापर्यंत पोहोचू देऊ नये.

तिसरा आणि माझ्या मते अशा कामात जवळजवळ नेहमीच योग्य असा पर्याय म्हणजे ‘नॅन’. ही दशांश संख्यांच्या मानकातच ठरवून दिलेली ‘संख्या नाही’ अशी खूण आहे. ती कोणत्याही बेरजेत किंवा गुणाकारात शिरली, की उत्तरही ‘नॅन’ होते. नवोदितांना हा त्रास वाटतो. वस्तुतः रिकाम्या घराचा हिशेबात चुकून समावेश झाला आहे, हे ओरडून सांगणारी ती एकमेव खूण आहे.

शून्याचा भराव योग्य ठरतो, असेही प्रसंग आहेत. लांबी वेगळी जपून ठेवलेली असेल आणि पुढचे गणित ती लांबी वापरणार असेल, तर भरावाची किंमत काय, याने फरक पडत नाही. मशीन लर्निंगसाठीच्या पायटॉर्च या ग्रंथालयातील ‘पॅड सिक्वेन्स’ हे फंक्शन मुळातच शून्याने भरते, आणि ते वापरणारे लोक वाक्यांची लांबी शेजारी बाळगतात. ती न बाळगता शून्य भरणे मात्र कुठेच समर्थनीय नाही.

पायरी ४ : रिकामा मॅट्रिक्स तयार करा

    तक्ता = एनपी.फुल((लेन(महिने), लांबी.मॅक्स()), एनपी.नॅन)

येथे १२ ओळी व ३१ स्तंभांचा, प्रत्येक घरात ‘नॅन’ असलेला मॅट्रिक्स मिळतो. कंसांची जोडी दुहेरी आहे, कारण आकार हा एकच घटक म्हणून द्यायचा असतो. ओळींची संख्या आधी आणि स्तंभांची नंतर; हा क्रम उलटला तर पुढची पायरी जानेवारीलाच कोलमडते.

आता यातील सापळे. ‘फुल’ हे फंक्शन भरावाच्या संख्येवरून मॅट्रिक्सचा प्रकार ठरवते. आपण ‘नॅन’ दिले तर दशांश संख्यांचा मॅट्रिक्स मिळतो, पण -९९९ किंवा नुसते ० दिले तर पूर्णांकांचा. मग त्यात १२.६ मिलिमीटर भरले, की नमपाय काहीही न बोलता १२ एवढेच ठेवते. राउंडही करत नाही, दशांश भाग सरळ कापून टाकते. रोज थोडाथोडा कापलेला पाऊस वर्षाअखेरीस बराच होतो. पूर्णांकांच्या मॅट्रिक्समधील एखाद्या घरात एकटे ‘नॅन’ घालायला गेल्यास निदान चूक तरी दिसते. म्हणून प्रकार स्पष्ट सांगणे चांगले : ‘डीटाइप=फ्लोट’.

‘एनपी.एम्प्टी’ हे नाव पाहून अनेक जण तेच वापरतात. ते घरे रिकामी करत नाही. स्मृतीत आधी जे काही पडलेले असेल, ते तसेच देते. चाचणीच्या वेळी तिथे योगायोगाने शून्ये असू शकतात आणि खऱ्या कामाच्या दिवशी भलतेच आकडे. आपण प्रत्येक घर स्वतः भरणार असू तरच ते वापरावे, आणि येथे तर आपण सात घरे मुद्दाम सोडणार आहोत.

नमपाय न वापरता, नुसत्या पायथनच्या याद्यांनी काम करणाऱ्यांसाठी एक इशारा : ‘नॅन’ची ३१ घरांची यादी करून ती दुसऱ्या एका यादीत ठेवली आणि त्या बाहेरच्या यादीला १२ने गुणले, तर १२ ओळी दिसतात खऱ्या, पण त्या एकाच यादीची बारा नावे असतात. जूनमध्ये लिहिलेला आकडा बाराही महिन्यांत उमटतो.

पायरी ५ : ओळीमागून ओळ भरा

    फॉर आय, ओळ इन एन्युमरेट(महिने):
        तक्ता[आय, :लेन(ओळ)] = ओळ

एवढेच. डाव्या बाजूला ‘पहिल्या इतक्या घरांत’ असे सांगितले आहे आणि उजव्या बाजूला तितकेच आकडे आहेत, म्हणून मापे जुळतात. फेब्रुवारीसाठी मोजणी शून्यापासून सुरू होत असल्यामुळे आय १ असतो, त्याच्या ओळीतील ० ते २७ ही घरे भरतात आणि २८, २९, ३० ही घरे ‘नॅन’ राहतात. आकडे येथे नकलून घेतले जातात; त्यानंतर मूळ ओळ बदलली तरी तक्ता बदलत नाही. तक्त्यातून पुढे ‘तक्ता[१, :२८]’ असा तुकडा काढला, तर तो मात्र नक्कल नसून तक्त्याचीच खिडकी असतो. त्यात केलेला बदल तक्त्यात जातो; नको असेल तर ‘कॉपी’ लावावे.

‘:लेन(ओळ)’ हा भाग विसरून ‘तक्ता[आय] = ओळ’ लिहिले, तर फेब्रुवारीला प्रोग्रॅम थांबतो : २८चा आकार ३१मध्ये बसवता येत नाही, असे तो सांगतो. हे बरेच झाले. परंतु एखाद्या ओळीत एकच आकडा असेल, उदाहरणार्थ केंद्र ३१ डिसेंबरलाच सुरू झाले आणि त्या दिवशी ५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तीच आज्ञा ते ५ संपूर्ण ओळीत पसरवते आणि डिसेंबरभर रोज पाऊस पडल्याची नोंद होते. लांबी १ असलेल्या ॲरेचा असा विस्तार करणे हा नमपायचा नियमच आहे, दोष नव्हे.

त्याच उदाहरणात आणखी एक प्रश्न दडलेला आहे : ते ५ पहिल्या घरात जायला हवे की शेवटच्या? वरील पद्धत प्रत्येक ॲरे डावीकडे चिकटवते. महिने पूर्ण असतील तर ते बरोबर आहे. पण एखादे केंद्र १० जूनला सुरू झाले असेल आणि जूनच्या ॲरेमध्ये २१ आकडे असतील, तर पहिला आकडा दहा तारखेचा आहे. तो ९ क्रमांकाच्या घरापासून भरायला हवा :

    तक्ता[५, ९:९ + २१] = जून

लांबी कळली म्हणजे जागा कळली, असे होत नाही. ॲरेसोबत त्याची सुरुवातीची तारीख बाळगावी. सगळे ॲरे उजवीकडे चिकटवायचे असतील, तर अनेक जण ‘-लेन(ओळ):’ असा तुकडा लिहितात. लांबी शून्य असेल तेव्हा उणे शून्य म्हणजे शून्यच, त्यामुळे तो तुकडा संपूर्ण ओळीचा होतो आणि प्रोग्रॅम अडतो. ‘३१ - लेन(ओळ):’ असे लिहिल्यास रिकामी ओळही सुखरूप पार पडते.

लांबी वाढवण्यासाठी ‘रिसाइझ’ वापरण्याचा मोह टाळावा. नमपायमध्ये या नावाच्या दोन गोष्टी आहेत. ‘एनपी.रिसाइझ(फेब्रुवारी, ३१)’ उरलेली जागा भरण्यासाठी ॲरे पुन्हा पहिल्यापासून वापरते, म्हणजे १, २ आणि ३ फेब्रुवारीचा पाऊस २९, ३० आणि ३१ तारखेला पडतो. आणि ॲरेची स्वतःची ‘रिसाइझ’ ही पद्धत तीच जागा शून्यांनी भरते. नाव एक, वागणूक दोन, आणि आपल्याला यांतील एकही नको.

पायरी ६ : दोन प्रकारची रिकामी घरे वेगळी ठेवा

३० फेब्रुवारी अस्तित्वातच नाही. १४ जुलै अस्तित्वात आहे, पण त्या दिवशी पर्जन्यमापक बिघडलेला होता. तक्त्यात दोन्ही ठिकाणी ‘नॅन’ आहे. पहिल्याबद्दल कोणाला काही विचारायचे नाही. दुसऱ्याबद्दल ‘जुलैच्या ३१पैकी ३० नोंदी उपलब्ध’ असे अहवालात लिहावे लागते. नुसत्या तक्त्याकडे पाहून हा फरक सांगता येत नाही, म्हणून खरे-खोटेचा एक वेगळा मॅट्रिक्स, ज्याला मुखवटा किंवा मास्क म्हणतात, तो जपून ठेवावा :

    मुखवटा = एनपी.अरेंज(३१) < लांबी[:, नन]

येथे ० ते ३० हे स्तंभ-क्रमांक प्रत्येक महिन्याच्या लांबीशी ताडले जातात आणि १२ गुणिले ३१ घरांचा तक्ता मिळतो, ज्यात खऱ्या तारखांच्या जागी ‘ट्रू’ असते. लांबीला उभे करण्यासाठी ‘नन’ लागते; ते विसरले तर १२ आणि ३१ यांची तुलना होऊ शकत नाही आणि चूक दिसते. हा मुखवटा डावीकडे चिकटवलेल्या ओळींसाठी आहे, हे ध्यानात ठेवावे.

पायरी ७ : गणित करताना

साधे ‘सम’ आणि ‘मीन’ आता ‘नॅन’ देतील. त्याऐवजी ‘नॅनसम’, ‘नॅनमीन’, ‘नॅनमॅक्स’ ही फंक्शने वापरावीत आणि महिन्यागणिक उत्तर हवे असल्यास ‘ॲक्सिस=१’ द्यावे. ‘ॲक्सिस=०’ दिल्यास तारखेगणिक उत्तर मिळते; ३१ तारखेची सरासरी तेव्हा आपोआप सात महिन्यांवर काढली जाते.

‘नॅनसम’विषयी सावध असावे. ज्या ओळीत सगळीच घरे ‘नॅन’ आहेत, तिची बेरीज ते ० सांगते. केंद्र महिनाभर बंद होते, असा त्याचा खरा अर्थ. अहवालात मात्र तो कोरडा महिना दिसतो. ‘नॅनमीन’ अशा ओळीला ‘नॅन’ देते आणि इशाराही छापते. म्हणून बेरजेसोबत प्रत्येक ओळीतील उपलब्ध नोंदींची संख्या नेहमी काढावी.

आता एक बारीक जागा. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला जातो, तो पावसाचा दिवस. ‘तक्ता >= २.५’ ही तुलना ‘नॅन’साठी ‘फॉल्स’ देते, त्यामुळे पावसाचे दिवस बरोबर मोजले जातात. मग पावसाचे नसलेले दिवस काढण्यासाठी कोणी याच तुलनेचा नकार घेतला, तर ‘नॅन’ असलेली सातही घरे ‘ट्रू’ होतात आणि फेब्रुवारीला तीन जादा दिवस मिळतात. ‘तक्ता < २.५’ असे लिहिले तर मिळत नाहीत, कारण ‘नॅन’शी केलेली तीही तुलना ‘फॉल्स’च असते. कागदावर एकच वाटणाऱ्या या दोन आज्ञा ‘नॅन’पाशी वेगळ्या होतात. ‘नॅन’ स्वतःशीही समान नसते, म्हणून ते शोधायला बरोबरीचे चिन्ह चालत नाही. ‘इजनॅन’ वापरावे लागते.

पावसाचेच काम करणाऱ्यांसाठी जाता जाता : विभागाची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते. ३० जूनच्या रात्री कोसळलेला पाऊस त्यामुळे १ जुलैच्या घरात, म्हणजे पुढच्या ओळीत, सापडतो. तो तिथेच राहू द्यावा.

पायरी ८ : भरलेला तक्ता ताडून पाहा

तीन तपासण्या पुरेशा आहेत आणि त्या ‘असर्ट’ (अट खोटी ठरल्यास प्रोग्रॅम थांबवणारी आज्ञा) लावून कोडमध्येच ठेवाव्यात. एक, ‘मुखवटा.सम()’ ३६५ आहे. दोन, ‘तक्ता[मुखवटा]’ आणि बारा ॲरे ‘कॉन्कॅटनेट’ने सलग जोडून मिळालेला ॲरे ‘ॲरे इक्वल’ने समान ठरतात; मूळ नोंदींत ‘नॅन’ असू शकते, म्हणून ‘इक्वल नॅन=ट्रू’ द्यावे. तीन, मुखवट्याबाहेरील सर्व घरे ‘नॅन’ आहेत. केवळ एकूण बेरीज जुळवून थांबू नये. ओळींची अदलाबदल झाली तरी ती जुळतेच.

पायरी ९ : आटोपशीर मार्ग

मुखवटा तयार असेल, तर फेरा, म्हणजे लूप, न घालताही तक्ता भरता येतो :

    तक्ता[मुखवटा] = एनपी.कॉन्कॅटनेट(महिने)

मुखवट्यातील ‘ट्रू’ घरे ओळीमागून ओळ घेतली जातात आणि सलग ॲरे त्याच क्रमाने ओतला जातो. हजारो ॲरे असतील, तेव्हा याचा वेग जाणवतो. बारांसाठी फेराच बरा, कारण तो वाचायला सोपा आहे.

‘इटरटूल्स’मधील ‘झिप लाँगेस्ट’ला ‘फिलव्हॅल्यू’ म्हणून ‘नॅन’ देऊनही भराव मिळतो, पण उत्तर आडवे-उभे उलटून, ३१ गुणिले १२ असे येते. शेवटी ‘टी’ लावावे लागते. पांडाजला याद्यांची यादी दिली, तर ते तोकड्या ओळी स्वतःच ‘नॅन’ने भरते. महिन्यांच्या नावांनिशी शब्दकोश दिला, तर मात्र सर्व ॲरे समान लांबीचे हवेत, अशी तक्रार करते. प्रत्येक यादीची ‘सिरीज’ केली की ती मिटते. त्या ‘सिरीज’ना तारखांची अनुक्रमणिका असेल, तर पांडाज तारखा जुळवते आणि १२ महिने एकमेकांशेजारी येण्याऐवजी ३६५ ओळींत पायऱ्यांसारखे उतरत जातात. आधी ‘रीसेट इंडेक्स’ करताना ‘ड्रॉप=ट्रू’ द्यावे.

पायरी १० : मॅटलॅब आणि सी वापरणाऱ्यांसाठी

मॅटलॅबमध्ये असमान ॲरे ‘सेल ॲरे’मध्ये ठेवतात, ‘नॅन(१२, ३१)’ने तक्ता करतात आणि ‘तक्ता(आय, १:नमएल(ओळ)) = ओळ’ असे भरतात; मोजणी एकपासून. तक्ता आधी केला नाही तरी मॅटलॅब तो गरजेनुसार वाढवते, आणि वाढवलेली घरे शून्यांनी भरते. तिसऱ्या पायरीतील संकट येथे आपोआप येते.

सी भाषेत ‘मेमकॉपी’ वापरताना तिसरा घटक बाइटमध्ये असतो. फेब्रुवारीसाठी नुसते २८ दिले, तर आठ बाइटच्या ‘डबल’ संख्यांपैकी तीन पूर्ण आणि चौथीची अर्धी नकलली जाते. द्यायचे असतात २२४. ओळीची सुरुवात नेहमी आय गुणिले ३१ या जागी असते, आधीच्या ओळींच्या खऱ्या लांबीच्या बेरजेवर नव्हे.

पायरी ११ : मॅट्रिक्स करूच नये, असे केव्हा

महिन्यांमध्ये फरक तीन दिवसांचा आहे, म्हणून ३७२पैकी सातच घरे वाया गेली. आता १०,००० ॲरे आहेत, बहुतेकांत शंभरेक आकडे आहेत आणि एकाच ॲरेमध्ये १०,००,००० आकडे आहेत, असे पाहा. मॅट्रिक्स एक हजार कोटी घरांचा होईल आणि प्रत्येक घराला ८ बाइट या दराने ८० गिगाबाइट स्मृती मागेल. खरे आकडे मात्र वीस लाख, म्हणजे १६ मेगाबाइटचे. लांबी अशी विषम असेल, तर सगळे आकडे एका सलग ॲरेमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक तुकडा कुठे सुरू होतो, याची यादी शेजारी ठेवावी. आपल्या वर्षासाठी ती यादी ०, ३१, ५९, ९०, १२०, १५१, १८१, २१२, २४३, २७३, ३०४, ३३४, ३६५ अशी होते आणि सुरुवातीचे ० वगळता बाकीची ‘कमसम’ने लांबीवरून एका आज्ञेत मिळते. फेब्रुवारी म्हणजे ३१ ते ५९मधील तुकडा. भराव नाही, मुखवटा नाही.

महिन्यांच्या बेरजा यातून ‘एनपी.ॲड.रिड्यूसॅट’ने निघतात. त्याला सुरुवातींच्या यादीतील शेवटचा ३६५ द्यायचा नसतो. एखाद्या महिन्याचा ॲरे पूर्ण रिकामा असेल, तर हे फंक्शन त्याची बेरीज शून्य सांगत नाही. पुढच्या महिन्याचा पहिला आकडा त्याच्या नावावर टाकते. रिकामा महिना शेवटचाच असेल, तर चूक दाखवून थांबते. म्हणून शून्य लांबीचे महिने ‘लांबी > ०’ या अटीने आधी बाजूला काढावेत, उरलेल्यांच्या बेरजा कराव्यात आणि बाजूला काढलेल्यांच्या जागी ‘नॅन’ लिहावे.